पातीच्या कांद्यापर्यंत गेलेला माग

१९९७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शाळकरी मुलांना कावीळ होऊ लागली. तपासणीत हिपॅटायटिस ए या विषाणूची लागण निघाली. हा विषाणू आजारी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि हात, पाणी किंवा अन्न यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटात जातो. त्याची नेहमीची चाल ओळखीची आहे. घरात एकाला कावीळ झाली की पाठोपाठ भावंडांना होते, मग शेजारच्या मुलांना. मिशिगनमध्ये तसं घडत नव्हतं. एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या शाळांमधून एकाच सुमाराला रुग्ण येत होते. अखेर मोजदाद झाली तेव्हा २३ शाळांमधले २१३ रुग्ण भरले. तिकडे देशाच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातही १३ शाळांमधून २९ रुग्ण निघाले.

शाळेच्या जेवणाची एक बाजू तपासाला फार सोयीची असते. कुठल्या दिवशी काय वाढलं, ते कागदावर असतं. आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं आणि धडधाकट राहिलेल्यांनी काय खाल्लं, याची तुलना केल्यावर संशय गोठवलेल्या स्ट्रॉबेरीवर आला. ती मेक्सिकोत पिकली होती आणि कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात १९९६ च्या वसंतात तिच्यावर प्रक्रिया झाली होती. म्हणजे शेतातून मुलांच्या ताटात पडेपर्यंत जवळपास वर्ष सरत आलं होतं. गोठवण्याने विषाणू मरत नाही, उलट टिकतो. त्यामुळे तेवढ्या काळाने त्याचं काहीच बिघडलं नाही.

इथवरचा तपास जुन्याच पद्धतीचा होता: जबान्या घ्यायच्या, याद्या करायच्या, टक्केवारी काढायची. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, या वेळी रुग्णांच्या रक्तातल्या विषाणूंचा जनुकीय क्रमही वाचला. मिशिगन आणि मेनमधल्या १२६ रुग्णांचे विषाणू अक्षरन् अक्षर सारखे निघाले. तोच क्रम विस्कॉन्सिनमधल्या ५ आणि ॲरिझोनातल्या ७ रुग्णांमध्ये सापडला. त्यांच्या शाळांमध्येही त्याच कारखान्याची स्ट्रॉबेरी वाढली गेली होती. आणि लुइझियाना राज्यात दोन रुग्ण असे निघाले, ज्यांनी त्याच कारखान्याची स्ट्रॉबेरी घातलेले तयार पदार्थ खाल्ले होते.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते लुइझियानातले हे दोघं. कावीळ झालेली माणसं प्रत्येक गावात थोडीफार असतातच. मिशिगनच्या साथीशी या दोघांचं नातं जोडावं असं कोणालाही सुचलं नसतं, आणि त्यांना स्वतःला तर ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हजारो मैलांवर विखुरलेल्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांना एका साथीत आणून बसवणं हे या पद्धतीचं खरं काम आहे.

हे जमतं कसं? हिपॅटायटिस एच्या विषाणूची सगळी कुंडली सुमारे ७,५०० अक्षरांच्या एका आरएनए धाग्यात मावते. ती चारच अक्षरांत लिहिलेली असते. विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की या धाग्याच्या नकला निघत जातात आणि नक्कल करताना अधूनमधून चूक होते. बहुतेक चुकांनी विषाणूचं काही अडत नाही. त्या पुढच्या नकलांमध्ये जशाच्या तशा उतरतात.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली ती याच तत्त्वावर. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली. एखाद्या लेखनिकाने कुठल्यातरी श्लोकात एक शब्द चुकवला, की त्याची पोथी समोर ठेवून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांमध्ये ती चूक येते. दोन पोथ्यांमध्ये तोच पाठभेद दिसला तर त्या एका घराण्यातल्या असाव्यात असं संपादक मानतात. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांचं नातं असं पाठभेदांवरून कळतं. विषाणूची घराणीही तशीच लावता येतात. माणसांमध्ये आढळणाऱ्या हिपॅटायटिस एचे तीन मुख्य जनुकीय प्रकार मानतात, एक, दोन आणि तीन. प्रत्येकाचे पुन्हा ए आणि बी असे पोटप्रकार. जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे प्रकार नांदतात.

पूर्ण धागा वाचण्याची गरज बहुधा पडत नाही. विषाणूच्या कवचातलं व्हीपी१ नावाचं प्रथिन ज्या भागात लिहिलेलं असतं, तिथपासून पुढची काहीशे अक्षरं नेहमी वाचली जातात, कारण वाणांमधला फरक तिथे चांगला दिसतो. नमुन्यासाठीही वेगळी यातायात नाही. कावीळ हिपॅटायटिस एचीच आहे ना, याची खात्री करायला जे रक्त काढतात, त्याच्याच सीरममध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत विषाणूचा आरएनए सापडतो. त्याचं आधी डीएनएत रूपांतर करतात, मग पीसीआरने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात आणि यंत्रावर अक्षरं वाचतात. सीरमची बाटली फेकून न देता गोठवून ठेवली, तर हे काम महिन्यांनी, वर्षांनीही करता येतं.

मग सरळ खाद्यपदार्थातच विषाणू का शोधू नये, असं वाटेल. शोधतात, पण हाती क्वचितच लागतो. साल्मोनेलासारखा जीवाणू अन्नात वाढतो, प्रयोगशाळेतही वाढवता येतो. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. स्ट्रॉबेरीवर पडलेला विषाणू तिथे तेवढाच राहतो, एकाचे दोन होत नाही. किलोभर फळांवर कुठेतरी चिकटलेले मोजके कण धुऊन काढायचे, फळातली आम्लं आणि रंगद्रव्यं पीसीआरमध्ये अडथळा आणतात ती दूर करायची, आणि मग त्यातून अक्षरं वाचायची, हे जिकिरीचं काम आहे. शिवाय हिपॅटायटिस एची लक्षणं लागणीनंतर १५ ते ५० दिवसांनी, सरासरी २८ दिवसांनी दिसतात. तोवर तो पदार्थ खाऊन संपलेला असतो, डबा कचऱ्यात गेलेला असतो. आणि महिन्याभरापूर्वीच्या मंगळवारी आपण काय खाल्लं हे किती जण सांगू शकतील? म्हणूनच तपास रुग्णाच्या रक्तापासून उलटा पदार्थाकडे न्यावा लागतो.

२००३ सालचं पेनसिल्व्हेनियातलं प्रकरण या उलट्या प्रवासाचा उत्तम नमुना आहे. पिट्सबर्गजवळच्या मोनाका गावात, एका मॉलमधल्या मेक्सिकन पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या लोकांना ऑक्टोबरच्या अखेरीपासून कावीळ होऊ लागली. बघता बघता रुग्णसंख्या ६०१ वर गेली. त्यांतल्या किमान १२४ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, तिघांचा मृत्यू झाला. जे तिथे जेवले होते किंवा रुग्णांच्या निकट संपर्कात आले होते, अशा सुमारे ९,००० लोकांना इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांची, इंजेक्शनं द्यावी लागली. ती लागणीनंतर दोन आठवड्यांच्या आत दिली तरच उपयोगी पडतात.

अशा वेळी संशयाची सुई कुठे वळते? स्वयंपाकघराकडे. कोणीतरी आचारी, कोणीतरी वेटर संडासातून येऊन हात न धुता कामाला लागला असेल, असं सगळे गृहीत धरतात. हा संशय अगदीच बिनबुडाचा नसतो, तशा साथी झालेल्या आहेत. पण ज्याचं हातावर पोट आहे, त्याच्यावर असा ठपका बसला की त्याला पुढे काम कोण देणार? मोनाकात सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. काही जण आजारी होते, पण तेही गिऱ्हाइकांच्या बरोबरीनेच आजारी पडलेले. साथीचा उगम ठरावा असा, आधीपासून विषाणू बाळगणारा, त्यांच्यात एकही निघाला नाही. त्यांनीही तेच अन्न खाल्लं होतं. ते साथीचे बळी होते.

मग २४० रुग्ण आणि न आजारी पडलेले १३४ जण यांना तपशीलवार प्रश्न विचारले गेले. रुग्णांपैकी ९१ टक्के लोकांनी तिथला सौम्य साल्सा खाल्ला होता. न आजारी पडलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. पण साल्सा न खाल्लेलेही काही रुग्ण होते. त्यांचं काय? पाककृतीचा एकेक घटक वेगळा करून पाहिल्यावर उलगडा झाला. कच्ची कांद्याची पात असलेला कुठला ना कुठला पदार्थ ९८ टक्के रुग्णांच्या खाण्यात आला होता.

पातीचा कांदा हाताळायला वरकरणी सोपा वाटतो. शेतातून तो हाताने उपटायचा, बाहेरची पिवळी सालं हाताने ओढून काढायची, मुळं छाटायची, जुडी बांधायची, खोक्यात बर्फ घालून भरायची. प्रत्येक पायरीला माणसाचा हात लागतो. पातीची नळी पोकळ असते आणि बुडाशी पापुद्रे एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. तिथे माती आणि पाणी शिरलं की वरून धुऊन निघत नाही. रेस्टॉरंटमध्ये आल्यावर या जुड्या वरवर विसळून, बादलीत बर्फात उभ्या करून ठेवल्या जात. मग ती पात चिरायची आणि साल्स्याच्या मोठ्या घाण्यात घालायची. एका जुडीवर विषाणू असला तरी बादलीतल्या वितळत्या बर्फाचं पाणी सगळ्या जुड्यांना लागणार. आणि साल्सा शिजवत नाहीत. पाहायला गेलं तर स्वयंपाकघरात कोणाचीच मोठी चूक नव्हती, तरी सहाशे माणसं आजारी पडली.

सीडीसीने १७० रुग्णांच्या विषाणूंचे क्रम वाचले. सगळेच्या सगळे एकसारखे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टेनेसी आणि जॉर्जिया राज्यांत पातीच्या कांद्यामुळे हिपॅटायटिस ए पसरला होता. तिथल्या रुग्णांतले विषाणू मोनाकातल्या विषाणूच्या फार जवळचे निघाले. मेक्सिको आणि अमेरिका यांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या रुग्णांमधून पूर्वी जमवलेल्या क्रमांशीही त्यांचं साम्य होतं. मोनाकातली पात मेक्सिकोतूनच आली होती. कर्मचाऱ्यांच्या चाचण्या, जेवणाच्या जबान्या, मालाच्या पावत्या आणि विषाणूची अक्षरं या चारही गोष्टी एका दिशेला बोट दाखवत होत्या: पात रेस्टॉरंटच्या दारात येण्याआधीच दूषित झाली होती.

इथे एक काळजी घ्यायला हवी. दोन रुग्णांचे क्रम सारखे आले की झालं, असं नाही. हिपॅटायटिस एचा विषाणू फार सावकाश बदलतो. एखाद्या प्रदेशात एकच वाण वर्षानुवर्षं फिरत असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन रुग्णांमध्येही काहीशे अक्षरं तंतोतंत जुळू शकतात. जुळणीला किंमत येते ती आजूबाजूचे, साथीबाहेरचे क्रम आधीपासून नोंदवून ठेवलेले असले तरच. आपल्या परिसरात नेहमी काय आढळतं ते माहीत नसेल, तर समोर आलेलं वेगळं आहे की नाही हे सांगणार कोण?

ते माहीत असल्याचा फायदा २०१३ साली दिसला. त्या वर्षी मे महिन्यात न्यू मेक्सिकोपासून सुरुवात होऊन अमेरिकेच्या दहा राज्यांत हिपॅटायटिस एचे १६५ रुग्ण सापडले. क्रम वाचल्यावर प्रकार निघाला एक-बी. अमेरिका खंडात हा प्रकार क्वचितच दिसतो. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेत तो नित्याचा आहे. रुग्ण तर त्या भागात फिरून आलेले नव्हते. म्हणजे त्या भागातून काहीतरी रुग्णांपर्यंत आलं होतं.

या रुग्णांनी एका घाऊक दुकानसाखळीतून गोठवलेल्या फळांचं एक मिश्रण घेतलं होतं. त्या साखळीत सभासद-कार्डाशिवाय खरेदी करता येत नाही, त्यामुळे कोणी कधी कुठलं पाकीट घेतलं याची नोंद दुकानाकडे होती. माणसाची आठवण जिथे तोकडी पडते, तिथे दुकानाचा संगणक कामी आला. पण मिश्रणात चेरी होती, ब्लूबेरी, रासबेरी, स्ट्रॉबेरी होती आणि डाळिंबाचे दाणे होते. काही फळं अमेरिकेतली, काही अर्जेंटिना आणि चिलीतली. डाळिंबाचे दाणे तुर्कस्तानातले. विषाणूचा प्रकार कुठला आहे हे आधीच कळलेलं असल्यामुळे पाच फळांपैकी कशाकडे पहिल्यांदा पाहायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. मालाचा माग काढल्यावर तुर्कस्तानातून आलेल्या दाण्यांवरच बोट ठेवता आलं. १६५ पैकी ६९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, एकाचं यकृत बदलावं लागलं. मृत्यू मात्र एकही झाला नाही.

डाळिंब हे सोलापूर-सांगलीकडच्या वाचकाच्या रोजच्या ओळखीचं फळ. त्याला ही गोष्ट वाचताना कोडं पडेल की इतक्या जाड सालीच्या आतल्या दाण्याला विषाणू लागेलच कसा. झाडावर लागत नाही. फळ फोडल्यावर दाणे मोकळे करताना, धुताना, भरताना जे हात आणि जे पाणी लागतं, तिथून तो येऊ शकतो. मग दाणे गोठवले की तो तसाच राहतो आणि पाकीट उघडून न शिजवता मिक्सरमध्ये घातलं की थेट पेल्यात उतरतो.

नोरोव्हायरसच्या बाबतीत हीच पद्धत अगदी वेगळ्या रीतीने वापरावी लागते. जुलाब-उलट्यांचा हा विषाणू एका-दोन दिवसांत लक्षणं दाखवतो, त्याचे जनुकीय प्रकार पुष्कळ आहेत आणि तो भराभर बदलतो. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या पूर्वेकडच्या पाच राज्यांत शाळा आणि पाळणाघरं मिळून सुमारे ३९० ठिकाणी जवळजवळ ११,००० जण, बहुतेक मुलं, आजारी पडली. चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीच्या एका खेपेपर्यंत माग गेला. रुग्णांमध्ये मात्र नोरोव्हायरसचा एकच प्रकार नव्हता. वेगवेगळ्या मुलांमध्ये वेगवेगळे प्रकार निघाले. मिशिगनच्या हिशोबाने पाहिलं तर या वेगवेगळ्या साथी म्हणाव्या लागतील. पण इथे तो विविधपणाच खूण ठरला. एका आजारी मजुराच्या हातून एकच वाण पसरतो. एकाच फळावर अनेक वाण एकदम येतात ते बहुधा सांडपाण्यातून, कारण सांडपाण्यात अख्ख्या वस्तीचे विषाणू एकत्र झालेले असतात. दूषित तिसऱ्या-कालवं खाऊन होणाऱ्या साथींमध्येही असेच मिश्र प्रकार सापडतात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो आणि पाण्यातलं सगळं आपल्या पोटात साठवतो.

माग प्रत्येक वेळी शेतापर्यंत जातोच असं नाही. २०१३ साली इटलीत आणि मग युरोपातल्या इतर देशांत गोठवलेल्या बेरींमुळे हिपॅटायटिस ए पसरला. बारा देशांत मिळून १,५८९ रुग्ण मोजले गेले, त्यांतल्या ३३१ जणांमध्ये विषाणूचा क्रम एकच असल्याचं वाचून पक्कं झालं. इटलीत सुट्टी घालवून परतलेले परदेशी पर्यटकही त्यांत होते. म्हणजे विषाणू एकाच घराण्यातला हे ठरलं. पण माल? बल्गेरियाची ब्लॅकबेरी आणि पोलंडची रेडकरंट ही लाल फळं रुग्णांच्या मिश्रणांमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळली. त्यापलीकडे, हजारो व्यवहारांच्या नोंदी एकमेकींना जोडूनही, दूषित होण्याची एकच एक जागा हाती आली नाही. बेरी एका देशात पिकते, दुसऱ्यात गोठते, तिसऱ्यात मिसळली जाते, चौथ्यात तिचा केक होतो. मधल्या एखाद्या व्यापाऱ्याने खेपेची नोंद नीट ठेवली नसेल तर माग तिथेच तुटतो. अक्षरं कितीही नेमकी वाचली तरी हरवलेली पावती त्यांतून वाचता येत नाही.

आपल्याकडे हिपॅटायटिस एचा तीन-ए हा प्रकार प्रामुख्याने आढळतो. त्यामुळे एखाद्या गावातल्या साथीत तीन-ए निघाला, एवढ्याने फारसं काही कळत नाही. नळाच्या पाण्यातून आला की लग्नाच्या जेवणातून, हे ठरवायला जास्त लांबीचा क्रम वाचावा लागेल आणि शेजारच्या तालुक्यांतले क्रमही जवळ असावे लागतील. पूर्वी आपल्याकडची बहुतेक मुलं लहानपणीच हा विषाणू अंगावर काढत. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना बहुधा कावीळही होत नाही, आणि एकदा लागण झाली की जन्मभराची प्रतिकारशक्ती येते. स्वच्छ पाणी पोचलेल्या शहरी घरांमधली मुलं आता लागण न होताच मोठी होतात, आणि मोठ्या वयात हा आजार जास्त जोरात होतो. म्हणून हा विषय आता फक्त अमेरिकेतल्या फ्रोझन स्ट्रॉबेरीचा राहिलेला नाही.

जपून ठेवलेला नमुना काय करू शकतो, याचा एक दाखला आपल्याच देशातला आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आलेली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए, अशीच तेव्हा समजूत झाली. विषाणू ओळखण्याची चाचणीच तेव्हा नव्हती. पण काही रुग्णांचं सीरम साठवून ठेवलेलं होतं. हिपॅटायटिस एचा विषाणू १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, त्यानंतर त्याच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीचे ते जुने नमुने, आणि त्यांच्याबरोबर अहमदाबाद व पुणे इथल्या सत्तरच्या दशकातल्या साथींचे नमुने तपासले गेले. ते हिपॅटायटिस एचे नव्हते, बीचेही नव्हते. त्या साथींमागचा विषाणू आज हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला जातो. दिल्लीच्या साथीला तेव्हा जवळपास पंचवीस वर्षं होत आली होती.